सात हाली, सहा कलदार

जुन्या नोटा जमवण्याचा नाद असलेली माणसे हाती आलेली नोट आधी उजेडाकडे धरतात, मग तिच्यावरची सही पाहतात, मग क्रमांक आणि शेवटी कडा. नोट किती दुर्मीळ आहे आणि तिला काय मोल येईल, हे या चार गोष्टींवरून ठरते. माझे निम्म्याहून अधिक आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले असल्यामुळे नोटेकडे पाहण्याची ही तऱ्हा मलाही परिचयाची आहे. परंतु आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, विशेषतः घाटावरच्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, चिखली या पट्ट्यात, एखाद्या घरातल्या पत्र्याच्या पेटीतून निझामाच्या अमदानीतली नोट निघाली, की मला आणखी एक प्रश्न पडतो आणि तो या चारांपेक्षा मोठा वाटतो. ही नोट इकडे आली कशी? कारण ती इकडे चालत नव्हती.

आजच्या तरुण वाचकाला हे नवल वाटेल. देऊळगाव राजाहून जालना म्हणजे एसटीने तासाभराचा रस्ता. मधे ना नदीचे मोठे पात्र, ना डोंगराची भिंत. भाषा एक, पिके एक, सोयरीकसंबंध एकमेकांत गुंतलेले. एक वऱ्हाडात, दुसरे मराठवाड्यात, एवढाच काय तो फरक. पण स्वातंत्र्य मिळेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे या रस्त्यावर एक सरहद्द होती. ती ओलांडताना मालावर जकात द्यावी लागे. हैदराबाद संस्थानात जकात खात्याला करोडगिरी म्हणत, आणि करोडगिरीच्या नाक्याची धास्ती सांगणारी माणसे माझ्या लहानपणी गावोगाव होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नाका ओलांडला की खिशातला पैसा बदलत असे. अलीकडे कलदार, पलीकडे हाली.

ही सरहद्द पडली कशी, ते थोडक्यात सांगायला हवे. १८०३ मध्ये असई आणि अडगावच्या लढायांत मराठी फौजांचा पराभव झाल्यानंतर वऱ्हाडावर निझामाचा अंमल पक्का झाला. पुढे निझामाच्या नावाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी कंटिंजंट फौज ठेवलेली होती, तिचा खर्च थकला आणि त्या थकबाकीपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. म्हणजे कर्ज फिटेना म्हणून तारण ठेवलेले शेत सावकाराने कसायला घ्यावे, तसा हा व्यवहार झाला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात त्यावर कायमचे शिक्कामोर्तब झाले. वऱ्हाड इंग्रजांकडे कायम पट्ट्याने राहील आणि त्याबद्दल निझामाला वर्षाला २५ लाख रुपये मिळतील, असे ठरले. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडण्यात आले.

गंमत अशी, की कागदोपत्री मालकी निझामाचीच राहिली. १९३६ च्या कराराने तर ती पुन्हा एकदा मान्य करण्यात आली. निझाम ‘हैदराबाद आणि वऱ्हाड’चा अधिपती म्हणवून घेऊ लागला आणि त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. तेव्हा आमच्या पूर्वजांची स्थिती मोठी विचित्र होती. नाममात्र राजा निझाम, सारा वसूल करणारा इंग्रज, आणि राजाच्या नावाचा रुपया मात्र घरच्या बाजारात परका. सरहद्दीच्या दोन्ही अंगांची जमीन कागदावर एकाच धन्याची, तरी तिच्यावरची दोन चलने मात्र एकमेकांना ओळखत नव्हती.

आता या दोन रुपयांविषयी. इंग्रजी रुपया तो कलदार. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, सारख्या वजनाचा, कडेला दाते असलेला तो कलदार. हैदराबादचा रुपया तो हाली सिक्का, म्हणजे सध्या चालू असलेला शिक्का. विसाव्या शतकाच्या आरंभी हालीही यंत्रावर पडू लागला, त्यावर चारमिनारचे सुबक चित्र आले, पण लोकांच्या तोंडी कलदार म्हणजे इंग्रजीच राहिला. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात चांदी जवळजवळ ९२ टक्के. हालीचे वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८२ टक्क्यांच्या आसपास. हिशेब केला तर हालीतली शुद्ध चांदी कलदाराच्या साधारण सहा-सप्तमांश भरते. म्हणूनच पुढे अधिकृत दर ठरला तो ७ हाली बरोबर ६ कलदार. शंभर कलदार घ्यायचे तर ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै मोजायचे. आमच्याकडच्या व्यापाऱ्यांच्या घरांत हा आकडा पाढ्यासारखा तोंडपाठ असे.

नाणे निदान चांदीचे तरी होते. वाजवून पाहता येत होते, वितळवून विकता येत होते. नोटेचे तसे नाही. नोट म्हणजे नुसते वचन, आणि वचन ज्याच्या राज्यात दिले त्याच्याच राज्यात पाळले जाते. हैदराबाद संस्थानाने हे कागदी वचन द्यायला सुरुवात केली १९१८ साली. पहिल्या महायुद्धाने जगभर चांदीचा तुटवडा पाडला होता. इंग्रज सरकारला १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेकडून चांदी विकत घ्यावी लागली. त्याच ओढाताणीत हैदराबादने कागदी चलनाचा कायदा केला. प्रथम दहा आणि शंभराच्या नोटा आल्या, पाठोपाठ पाचाची आणि एकाची, आणि १९२६ मध्ये हजाराची. इंग्रजांच्या हिंदुस्थानात एवढी संस्थाने होती, पण स्वतःच्या नोटांचा इतका मोठा, इतकी वर्षे चाललेला व्यवहार दुसऱ्या कोणत्याही संस्थानाने केला नाही.

या नोटा लंडनच्या वॉटरलो कंपनीने छापल्या. पुढे त्या आपल्या नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापल्या जाऊ लागल्या. नोटेवर मुख्य मजकूर उर्दू. पण किंमत मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीतही लिहिलेली. साल फसली असते. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. राज्यकर्त्याची दरबारी भाषा कोणतीही असो, बाजारात बसणारा मराठी माणूस आपली किंमत आपल्या लिपीत वाचल्याशिवाय कागद हातात घेणार नाही, एवढे त्या दरबाराला कळत होते. आजच्या आपल्या नोटेवर मागच्या बाजूला भाषांची जी पट्टी असते, तिच्यात मराठी आठव्या ओळीत आहे. मुलांना ती दाखवताना ही जुनी गोष्टही सांगावी.

तर अशी नोट सरहद्दीवरच्या माणसाच्या हाती कधी पडे? जालन्याच्या बाजारात कापूस, बैल किंवा तूप विकले तेव्हा. पलीकडच्या गावात कापूस वेचायला, ज्वारी काढायला गेलेल्या मजुराला मजुरी मिळाली तेव्हा. लेक पलीकडे दिली होती आणि जावई सणाला आला तेव्हा. माझ्या आजीचे माहेर जाफराबादच्या बाजूचे, म्हणजे निझामातले. आमच्या घरी एका जुन्या लग्नाच्या आहेराची यादी होती. तिच्यात काही नावांपुढे ‘हाली’ असे लिहिलेले आणि काहींपुढे नुसतेच रुपये. लहानपणी मला वाटे, हाली हे कुणाचे तरी आडनाव असावे. पुढे कळले, की मामाकडच्या पाच रुपयांची आणि काकाकडच्या पाच रुपयांची किंमत सारखी नव्हती आणि परतफेड करताना तो फरक लक्षात ठेवायचा होता. सरहद्द नकाशावर असते असे आपण म्हणतो. ती आहेराच्या वहीतही होती.

खरा जाच पुढेच. हाली हातात आला, पण सारा भरायचा तर कलदार हवा. कापड, मीठ, काडेपेटी घ्यायची तर कलदार हवा. मग सराफाकडे किंवा दुकानदाराकडे जायचे आणि बदलून घ्यायचे. सात-सहाचा दर होता खजिन्यात आणि मोठ्या पेढ्यांवर. सारा भरण्याची तारीख तोंडावर आलेली असताना चार-दोन नोटा घेऊन दारात उभ्या राहिलेल्या कुणब्याला तो दर कोण देणार? शंभर हालीचे सरकारी दराने ८५ रुपये ११ आणे व्हायला हवेत. सराफाने सातऐवजी सव्वासात हाली मागितले, तर त्याच शंभराचे ८२ रुपये १२ आणे होतात. जवळजवळ तीन रुपये वाटेतच जिरले. सव्वासात हा आकडा मी नमुन्यादाखल धरला आहे. पण गणित कसे चालते ते त्यावरून समजेल. हजारांचा व्यापार करणारा दोन्ही चलने जवळ बाळगू शके, दर चढेपर्यंत थांबू शके. पाच रुपयांचा धनी थांबू शकत नव्हता. बँकेत तीस-पस्तीस वर्षे काढल्यावर मला एवढे नक्की सांगता येते, की पैसा बदलताना लागणारी तूट नेहमी ज्याला घाई असते त्याच्या पदरात पडते, आणि घाई नेहमी गरिबाला असते.

या तुटीला आपल्या भाषेत शब्द आहे : बट्टा. नाणे बदलून देताना कापून घेतलेली रक्कम म्हणजे बट्टा. आज तो व्यवहार गेला आणि शब्द तेवढा अब्रूच्या संदर्भात उरला. ‘घराण्याच्या नावाला बट्टा लागला’ असे आपण सहज म्हणतो. या एका शब्दात आपल्या पूर्वजांचा केवढा अनुभव साठलेला आहे! ज्याच्या नाण्याला बट्टा लागतो त्याची पतही थोडी कमी होते, हे त्यांना बाजाराने शिकवले होते. सरहद्दीवरच्या माणसाच्या घामालाच बट्टा लागत होता. दिवसभराचे काम तेच, उन्हाचा ताप तोच. पण संध्याकाळी मजुरी कोणत्या बाजूला हातात पडली, त्यावर तिची किंमत ठरायची.

नोटांच्या जगात मात्र वेगळ्याच गोष्टींना भाव असतो. हैदराबादच्या नोटांत १९१९ ची एक रुपयाची नोट आणि हजाराची नोट यांना फार मान आहे. आणखी एका प्रकारच्या नोटा संग्राहक शोधत असतात, त्यांची हकिगत कादंबरीत शोभावी अशी आहे. ‘इजिप्त’ नावाचे जहाज लंडनहून मुंबईकडे निघाले होते. पोटात टनावारी सोने-चांदी आणि हैदराबादसाठी छापलेल्या नोटा. २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, उशांत बेटाच्या बाजूला, दाट धुक्यात एका फ्रेंच जहाजाची धडक बसून ते बुडाले. जवळजवळ चारशे फूट पाण्याखाली गेलेले ते धन इटालियन पाणबुड्यांनी दहा वर्षांनी, १९३२ मध्ये, वर काढायला सुरुवात केली. सोन्याबरोबर निझामाच्या नोटांची भिजलेली पुडकीही वर आली. त्यातल्या काही नोटांवर त्या बुडित जहाजातून काढल्याचा मजकूर छापण्यात आला. आज अशी नोट हातात धरणाऱ्याला तिच्याबरोबर जहाजाचे नाव मिळते, तारीख मिळते, समुद्राची खोलीसुद्धा मिळते.

त्या नोटेची थोरवी मला मान्य आहे. पण ती कधी बाजारात गेलीच नाही. तिने कुणाचा सारा भरला नाही, कुणाच्या मुलीला लुगडे घेतले नाही. आणि जी पाच रुपयांची चुरगळलेली नोट पदरात बांधून खडकपूर्णेच्या काठाने अलीकडे आली, जिच्यावर एका दारी बट्टा मागितला म्हणून दुसरे दार गाठावे लागले, तिची नोंद कोणत्याच सूचीत नाही. सूचीत ती ‘सामान्य’ या सदरात बसते. मला विचाराल तर आमच्या जिल्ह्यापुरती तीच खरी दुर्मीळ.

नोट म्हणजे वचन, असे वर म्हटले. वचन मोडण्याचे दिवस १९४७ साली आले. देश स्वतंत्र झाला, हैदराबाद वेगळे राहिले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निझाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. त्यावरची शाई वाळते न वाळते तोच हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू संस्थानाबाहेर नेण्यावर बंधने आली. दुसऱ्याने भारतीय चलन हैदराबादेत कायदेशीर चलन राहिले नाही. दिल्लीत या वटहुकुमांकडे राजकीय डाव म्हणून पाहिले गेले, आणि तो डाव होताच. पण आमच्या सरहद्दीवर त्याचा अर्थ साधा होता. कालपर्यंत बट्टा देऊन का होईना, पलीकडे खपणारा पैसा आता उघडपणे दाखवण्याचीही सोय राहिली नाही.

पुढचे दहा महिने सीमाभाग अस्वस्थ होता. पलीकडून रझाकारांच्या भीतीने माणसे वऱ्हाडात येत होती, आणि सीमेवर स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या उभ्या राहिल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी याच काळात, १९४८ च्या जानेवारीत लुटली आणि लाखो रुपये सीमेपार आणून लढ्याच्या कामी लावले. ज्या नोटांवर निझामाच्या सरकारचे वचन होते, त्याच नोटा त्या सरकारविरुद्ध वापरल्या गेल्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादने शरणागती पत्करली.

या नोटांवरच्या सह्या वाचणे हा एक स्वतंत्र इतिहास आहे. संस्थानाच्या अर्थखात्याचे प्रमुख सही करत. त्यांपैकी गुलाम मुहम्मद पुढे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. झाहिद हुसेन पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर झाले. मोईन नवाज जंग सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादची बाजू घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे गेले. सही करणारे दूर निघून गेले आणि सही केलेला कागद सिंदखेडच्या, लोणारच्या पेट्यांत राहिला.

१९५० मध्ये भारतीय रुपया हैदराबादेत हालीच्या जोडीने चालू लागला, सात-सहाचा दर तसाच राहिला. १९५१ नंतर नवा हाली काढला गेला नाही आणि १९५९ पर्यंत तो व्यवहारातून पूर्णपणे गेला. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले आणि आमच्या रस्त्यावरची सरहद्द पुसली गेली. १८५३ पासून मोजले तर १०३ वर्षांनी. हाली बदलून देण्यासाठी सरकारने मुदती दिल्या, त्या पाळल्याही. पण जाहीर केलेली मुदत आणि माणसाला कळलेली मुदत यांत मोठे अंतर असते. ज्याच्या घरी वर्तमानपत्र येत होते त्याचा एक रुपयाही बुडाला नसेल. ज्या बाईने नवऱ्याच्या, सासूच्या नकळत धान्याच्या कणगीखाली एक नोट सारली होती, तिला मुदत कोण सांगणार?

अशी एक नोट मी पाहिली आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षे, घाटावरचीच एक लहान शाखा, १९८० च्या आसपासचा काळ. बाजाराचा दिवस होता. एक म्हातारी गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिली आणि मग काउंटरपाशी आली. पदराच्या गाठीतून तिने कापडाची घडी काढली, घडीतून नोट. पाच रुपये हाली.

‘‘भाऊ, याचे किती येतीन?’’

मी म्हटले, ‘‘आजी, हे आता चालत नाही. पुष्कळ वर्षं झाली बंद होऊन.’’

‘‘चालत नाही ते ठावं हाय मले. पन याच्यावर पाच लिवलेलं हाय ना? माह्या मायनं पलीकडं कापूस येचून आनलेले पैसे हायेत हे. तिनं येचलेला कापूस तं खोटा नव्हता.’’

यावर नियमांच्या पुस्तकात उत्तर नव्हते. शाखेतल्या एका सहकाऱ्याने सुचवले, की जुन्या नोटा घेणारी माणसे शहरात असतात, त्यांना दाखवा. म्हातारीने विचारले, ते किती देतील? नोट मधोमध फाटलेली, घड्यांवर विरलेली. फार तर दहा-वीस रुपये आले असते. तिने मान हलवली, नोट पुन्हा कापडात गुंडाळली आणि गाठ मारली. ती गेल्यावर मला जाणवले, की तिला पैसे नको होते. आपल्या आईची मजुरी खरी होती, एवढे कुणीतरी खुर्चीवर बसलेल्या माणसाने मान्य करावे, अशी तिची इच्छा असावी.

हा विचार मला पुन्हा आठवला तो २०१६ मध्ये. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्याचे जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून बँकांपुढे रांगा लागल्या. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटाची चर्चा पुष्कळ झाली आहे, ती मी येथे करत नाही. मी पाहिले ते एवढेच, की डाळीच्या डब्यांतून, देवघरातल्या पोथीतून, उशीच्या अभ्र्यातून बायांनी साठवलेल्या नोटा बाहेर आल्या. ‘घरात कुणाला सांगू नका’ असे काउंटरवर हळूच सांगणाऱ्या बायका त्या दिवसांत प्रत्येक शाखेत आल्या असतील. नोटा बदलून मिळाल्या, पण लपवून ठेवलेल्या पैशाबरोबर त्यांचे थोडे स्वातंत्र्य उघडे पडले. मुदतीनंतरही एखादी नोट कुठल्या तरी डब्यात राहून गेलीच असेल. चाळीस-पन्नास वर्षांनी कुणाची तरी नात ती घेऊन विचारायला येईल. त्या वेळी तिला नोटेचा भाव सांगणारे पुष्कळ असतील. ती त्या डब्यात कशी गेली, हे सांगणारे कुणी असेल का?

माझे म्हणणे इथे येऊन थांबते. राज्ये चलन काढतात, बंद करतात, त्यांच्या तारखा कायद्याच्या पुस्तकांत मिळतात. सरहद्द कुणी आखली, तेही मिळते. त्या सरहद्दीचा बट्टा कुणी भरला, हा हिशेब मात्र कोणत्याही दप्तरात नाही. तो घरांत आहे : पेटीतल्या नोटेत, आहेराच्या वहीत, दुकानाच्या जुन्या खतावणीत, आणि ऐंशी-नव्वदीतल्या काही माणसांच्या आठवणींत. ज्यांनी स्वतः हाली मोजले अशी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. घरातला तो कागद लॅमिनेट करून किंवा चिकटपट्टी लावून आपण त्याचे नुकसान करतो, ते एक वेळ सोडा. पण म्हातारे माणूस गेले की कागद मुका होतो, आणि मग तो सूचीतल्या ‘सामान्य’ सदराच्या पलीकडे काही सांगत नाही.

तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत पेटी उघडाल, तर थोडी सवड ठेवा. अशी नोट निघाली तर तिला इस्त्री करू नका, पाणी लावू नका. साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा. पाकिटावर चार ओळी लिहा : नोट कुणाची, कोणत्या गावाहून आली, कोणत्या कामाचे पैसे होते, आणि ती का बदलली गेली नाही. घरात आजी-आजोबा असतील तर मुलांना त्यांच्यापुढे बसवा आणि विचारू द्या. हाली कसा मोजत, बट्टा किती घेत, नाक्यावर काय होई. दोन्ही बाजूंच्या, म्हणजे बुलढाण्याच्या आणि जालन्याच्या, महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे काम एकत्र केले तर त्याहून चांगले. सरहद्द दोघांची होती.

आणि नोट विकायची असेल तर जरूर विका, त्यात वावगे काही नाही. प्रपंचाला पैसा लागतोच. फक्त ती चार ओळींची चिठ्ठी नोटेबरोबर द्या आणि तिची एक प्रत घरी ठेवा.